दिगूभाऊचे दोन तलाव

वाशीमच्या भाजीबाजारात वांग्याचे कॅरेट उतरवत होतो, तेव्हा शेजारच्या दिगूभाऊच्या बायकोचा, कौसल्या वहिनींचा फोन आला. वहिनी स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून नाव पाहून हातातलं कॅरेट आधी खाली ठेवलं. "भाऊजी, घरी या," त्या म्हणाल्या आणि जरा थांबून, "घाई नका करू. आता घाईचं काही राह्यलं नाही." दिगूभाऊ पहाटे झोपेतच गेला होता... मी उरलेले कॅरेट उतरवले. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

आमच्या शेताच्या बांधाला लागून त्याचं शेत. त्याची मेथी-कोथिंबीर, माझी वांगी. मासे धरायचा नाद दोघांनाही, पण त्याचा जरा जास्तच. केनवडच्या पलीकडे एक लहानसा तलाव आहे. तिथं धड रस्ता नाही, चहाची टपरी नाही. बाभळी, बगळे आणि गळ टाकून बसलेला दिगूभाऊ, एवढाच तिथला रविवार. मी कधी सोबत असे, कधी नसे. वहिनी माळकरी, घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून तो तिथंच तीन दगड मांडून रस्सा करायचा, भाकरीशी खायचा, तलावात डुबकी मारायचा आणि धुतलेले कपडे घालून साळसूदपणे घरी जायचा. वहिनींना सगळं कळायचं. त्या बोलायच्या नाहीत, फक्त अंगणात पाण्याची बादली भरून ठेवायच्या. म्हणजे आधी पुन्हा आंघोळ, मग घर. असा त्यांचा संसार सुरळीत चालला होता.

मग त्याला हार्टचा झटका आला. अकोल्याच्या दवाखान्यातून तो परतला, जरा हिंडाफिरायला लागला, आणि गळ काढणार तोच वहिनींनी हट्ट धरला. "मलेबी न्या कुठं. त्या बोटीच्या तलावावर न्या. सारा जनम चुलीपाशी गेला." बोटीचा तलाव म्हणजे हायवेजवळचा, जिथं एका हॉटेलवाल्यानं रंगीत छत्र्या लावल्यात, डीजे ठेवलाय आणि मासे धरायला बंदी केलीय. मला वाटलं, दिगूभाऊ काहीतरी बहाणा सांगेल. पण त्यानं मला बाजूला घेतलं. "जाऊ दे मनोहर. तिनं जनमभर काही मागतलं नाही. पाहू दे तिले बोटी."

तेव्हापासून दर रविवारी माझी व्हॅन, ते दोघं आणि तो तलाव. पार्किंगसाठी हुज्जत, गोड मिट्ट चहा, कानठळ्या बसवणारी गाणी आणि पाण्याकडे पाठ करून फोटो काढणारी माणसं. संध्याकाळी घरी येऊन मी आडवाच व्हायचो. वांग्याच्या वावरात दिवसभर राबून इतका शीण येत नाही. दिगूभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत मुकाट बसायचा. वहिनी बोटींकडे बघायच्या, तो वहिनींकडे. एकदा न राहवून म्हटलं, "अरे, एखादा रविवार तरी केनवडले जाऊ." तो म्हणाला, "अन् ती घरी बसून काय करीन? कायले मन मोडतं तिचं?" पुढे मी विषय काढला नाही. तो मात्र सुकत चालला होता, हे मला दिसत होतं.

तेरवी झाली. त्यानंतरच्या रविवारी मी सवयीनं व्हॅन घेऊन त्यांच्या दारात गेलो. वहिनीही काही न विचारता येऊन बसल्या. मी हायवेकडे वळवली तशा त्या म्हणाल्या, "तिकडं कायले?"

"बोटी पाहाले. तुमाले आवडतात ना."

"मले? मले तं पाण्याचं भेव वाटते, भाऊजी." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "केनवडच्या त्या रानात एकट्या माणसाले काही झालं असतं, तं कोण धावलं असतं? बोटीपाशी चार मानसं तरी राह्यतात. जाऊ नका म्हटलं असतं, तं आयकलं असतं का त्यायनं?"

मी व्हॅन कडेला घेतली. हसू यावं की रडू, कळेना. तिघांपैकी एकालाही तिथं जायचं नव्हतं, आणि आम्ही एक रविवार चुकवला नव्हता! सांगावं की नाही, असा क्षणभर विचार केला. मग सांगून टाकलं, "वयनी, तो फक्त तुमच्यासाठी जात होता." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "केनवडले घ्या."

शेवटचा तुकडा पायी चालावा लागतो. माझा हात धरून त्या हळूहळू उतरल्या. पाण्यावर वारा होता, दुसरं कोणी नव्हतं.

"ते कुठं बसत?"

बाभळीखालचा चपटा दगड मी दाखवला. वहिनींनी वाकून त्यावरचा पालापाचोळा हातानं सारला. तलावाकडे पाहिलं, पुन्हा दगडाकडे पाहिलं.

"किती बरं वाटते इथं," त्या म्हणाल्या. "मंग मले एकडाव बोलले काहून नाही?"

आम्ही दोघं खाली गवतात बसलो. दगडावर कोणीच बसलं नाही.