‘होशी’ फसलं, असं लिहायचं नाही

“काकू, ‘फेल’ हा शब्द आमची कंपनीत कोणी वापरत नाही,” अश्विनी टीम्सच्या कॉलवर म्हणाली. “तो खूप नेगेटिव्ह वाटते.”

“मग जे मशीन खपलं नाही, त्याला तुम्ही काय म्हणता?”

“लर्निंग.”

उद्घाटन पुढच्या आठवड्यात होतं. गॅलरीत रंगाचा वास होता, वायरी लोंबत होत्या, आणि आम्ही दोघी गेला तासभर एका शब्दावर भांडत होतो.

मी नॉटिंगहॅमच्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, एका म्युझियममध्ये क्युरेटर आहे. म्हणजे वस्तू गोळा करायच्या, मांडायच्या आणि प्रत्येकीशेजारी चार ओळी लिहायच्या. त्या ओळींना आम्ही लेबल म्हणतो. बघायला येणारे लोक लेबलं वाचत नाहीत. स्पॉन्सर मात्र स्वल्पविरामासकट वाचतो.

या वेळचा विषय होता एका जपानी आर्केड कंपनीचा इतिहास. आर्केड म्हणजे नाणी टाकून खेळायच्या मशीन्सचा हॉल. इथल्या समुद्रकाठच्या गावांत असे हॉल अजून आहेत, बाहेर पाऊस आणि आत दिवे. कंपनीचं नाव मी सांगत नाही. ते कुठे, किती मोठं आणि कुठल्या निळ्या रंगात छापायचं याबद्दल करारात एक अख्खं पान होतं. इथे तो निळा रंग मिळायचा नाही.

सुरुवात मोठी गोड होती. कंपनी आधी सार्वजनिक स्नानगृहांसाठी वजनकाटे बनवायची. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर असायचे तसेच. नाणं टाका, उभे राहा, वजनाचं तिकीट घ्या. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की माणूस स्वतःचं वजन पाहायला नाणं टाकतो, तर मजेसाठी नक्कीच टाकेल. मग मुलांना बसायचे डुलणारे हत्ती आले आणि त्यानंतर व्हिडिओ गेम्सची कॅबिनेट्स. कॅबिनेट म्हणजे ते कपाटाएवढं खोकं, ज्यात पडदा, दांडा आणि बटणं असतात. अंतराळात उडणाऱ्या एका पाणमांजराच्या गेमने कंपनी जगभर पोचली. आज तेच पाणमांजर टी-शर्टवर, कपांवर आणि मोज्यांवर आहे. गेम कुणी खेळत नाही, मोजे खपतात.

मधे एक प्रकरण झालं. कंपनीने घरच्या टीव्हीला जोडायचं मशीन काढलं, ज्याला कॉन्सोल म्हणतात. नाव ‘होशी’, म्हणजे तारा. ब्रिटनमध्ये त्याची विक्री लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या ऑफिसातून व्हायची. होशी दुकानांत आलं, फळ्यांवर धूळ खात बसलं, अर्ध्या किमतीत गेलं आणि गायब झालं. कंपनीने परत कधी कॉन्सोल काढलं नाही.

मी लेबलवर लिहिलं होतं, “होशी फसलं. त्यानंतर कंपनीने घरगुती मशीन्स बंद केली.” एवढंच.

अश्विनी ही कंपनीची युरोपातली ब्रँड मॅनेजर. जन्म स्लाऊचा, ऑफिसही स्लाऊचं. आंबेडकर जयंतीच्या एका कार्यक्रमात तिच्या आजीची आणि माझी ओळख झाली होती, तेवढ्यावर ती मला काकू म्हणू लागली. इंग्रजीत ती मला हुकूम द्यायची आणि मराठीत विनंती करायची. तिच्या मराठीत लिंग आणि वचन यांचा पत्ता नसायचा, पण काम काढून घ्यायला ती पुरेशी होती.

“काकू, प्लीज. माझा बॉस मला मारेल.”

“तुझा बॉस जपानात, नागोयाच्या हेडऑफिसात आहे. एवढ्या लांबून कसा मारेल?”

“कॅलेंडर इन्व्हाइट पाठवेल.”

मी आमच्या डायरेक्टरकडे गेले. ग्रॅहम सज्जन माणूस आहे. आजवर त्याने कुणालाही नाही म्हटलेलं नाही, आणि त्याच गुणावर तो डायरेक्टर झाला असावा.

“वंदना, फॉर्म ऑफ वर्ड्स शोधू या,” तो म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य. याचा अर्थ, शब्द त्यांचे घालू आणि सही तुझी.

“ग्रॅहम, मशीन फसलं होतं. यात मत वगैरे काही नाही.”

“बरोबर आहे. पण बाकीची सगळी कॅबिनेट्सही त्यांचीच आहेत. ती त्यांनी परत नेली, तर आपल्याकडे एक छान रंगवलेली रिकामी खोली उरेल. आणि कौन्सिल यंदा कुठल्या पोस्ट्स ठेवायच्या ते बघतंय.”

कुठल्या पोस्ट्स, हे त्याने सांगितलं नाही. माझ्याकडे मात्र बघितलं.

मग ई-मेल सुरू झाले. आधी ‘फसलं’चं ‘अपेक्षेइतकं यश मिळालं नाही’ झालं. मग ‘यश’च्या शेजारी ‘नाही’ दिसतंय म्हणून तेही गेलं. ‘एक धाडसी स्वप्न’ आलं आणि गेलं. एकदा तर होशीच त्याच्या काचपेटीतून काढून टाकावं आणि तिथे पाणमांजराचा पुतळा ठेवावा, असं ठरत आलं होतं. तिथे मात्र मी अडून बसले. शेवटी नागोयाची मंजुरी मिळाली ती या मजकुराला: “होशी काळाच्या पुढे होतं. त्यातून एका नव्या प्रवासाची प्रेरणा मिळाली.” कुणाचा प्रवास, कुठून कुठे, हे विचारायची सोय नव्हती. मी ते छापायला पाठवलं. नोकरी मलाही हवी होती.

उद्घाटनासाठी नागोयाने पाहुणे पाठवले. ओकाबे-सान (‘सान’ म्हणजे आपल्याकडचं ‘राव’), कंपनीचे निवृत्त इंजिनियर, वय ऐंशीच्या पुढे. होशीचं हार्डवेअर त्यांनीच केलेलं. ते विकायला कंपनीने त्यांना स्लाऊला पाठवलं होतं, म्हणून इंग्रजी येत होतं, सावकाश पण नीटनेटकं.

अश्विनीने आम्हा सगळ्यांना ब्रीफिंग दिलं. त्यांच्यासमोर होशीचा विषय काढायचा नाही. त्या काचेपाशी थांबायचं नाही. चालता चालता पाणमांजराकडे हात दाखवायचा.

“ते खूप सेन्सिटिव्ह माणूस आहे, काकू. हर्ट होतील.”

संध्याकाळी सहाला समारंभ होता. त्याआधी मी ओकाबे-सानना गॅलरी दाखवायला घेतली. मागे अश्विनी, तिच्या मागे ग्रॅहम. बाहेरच्या हॉलमध्ये पाहुणे जमत होते. गळ्यात सोन्याची साखळी घातलेले लॉर्ड मेयर समोशांच्या ताटाजवळ उभे होते.

ओकाबे-साननी वजनकाट्यावर उभं राहून बघितलं. हत्तीच्या सोंडेवरून हात फिरवला. एका कॅबिनेटपाशी थांबून ते हसले. कुणी खेळत नसताना मशीन स्वतःच स्वतःशी खेळत राहतं, येणाऱ्याजाणाऱ्याला भुलवायला. त्याला अ‍ॅट्रॅक्ट मोड म्हणतात. “हे अजून थकलं नाही,” ते म्हणाले. सगळं छान चाललं होतं.

मग होशीची काच आली. मी पाणमांजराकडे हात दाखवला. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि लेबल वाचलं. परत वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

अश्विनीने माझ्याकडे बघितलं. मी ग्रॅहमकडे. ग्रॅहमने छताकडे.

“आम्ही सगळ्यांनी मिळून,” मी म्हणाले. ते खरंही होतं.

“होशी काळाच्या पुढे नव्हतं,” ओकाबे-सान म्हणाले. “उशिरा आलं. आणि त्यावर चालवायला गेम्स तयार नव्हते. काळाच्या पुढे म्हणजे काय? गिऱ्हाईक मागे होतं? गिऱ्हाईक बरोबर होतं. दुसऱ्या कंपनीचं मशीन चांगलं होतं, त्यांनी ते घेतलं. मीही घेतलं असतं.”

आवाज चढला नव्हता. तरी आम्ही तिघं वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे उभे होतो.

“मला माहीत होतं की तयारी नाही,” ते पुढे म्हणाले. “मीटिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. नाही म्हणायला कुणी तयार नव्हतं. मीही नव्हतो. मग स्लाऊच्या वेअरहाऊसमधल्या लोकांना काढलं. नागोयाचं पत्र वाचून दाखवायला मी गेलो. त्या पत्रातही असेच शब्द होते. एका बाईने मला विचारलं, मिस्टर ओकाबे, याचा अर्थ मी सोमवारी यायचं की नाही?”

त्यांनी परत एकदा काचेतल्या होशीकडे बघितलं.

“या खोलीचं उद्घाटन मी करू शकत नाही,” ते म्हणाले. “माफ करा.” आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. मग भिंतीपाशी एक स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले. हात मांडीवर, पाठ ताठ.

अश्विनीने फोन काढला. नागोयाला लावला. वाजत राहिला. दुसरा लावला, तोही वाजत राहिला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. ज्यांच्या परवानगीशिवाय त्या भिंतीवर एक टिंबही देता येत नव्हतं, ती सगळी मंडळी गाढ झोपली होती.

“वंदना, एखादा फॉर्म ऑफ वर्ड्स…” ग्रॅहमने सुरुवात केली.

मी ओकाबे-सानजवळ गेले आणि विचारलं, “तुम्ही काय लिहाल?”

त्यांनी सांगितलं, मी फोनवर टाइप केलं. “होशी फसलं. ते उशिरा आलं आणि त्यावर पुरेसे गेम्स नव्हते. गिऱ्हाईक बरोबर होतं. आमच्या चुकीमुळे स्लाऊमधल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या.”

आता गंमत बघा. पूर्ण आठवडा एका ‘फसलं’साठी भांडलेली मी, शेवटचं वाक्य वाचून चपापले. ‘आमच्या चुकीमुळे’च्या जागी काही सौम्य बसेल का, असा विचार माझ्याच डोक्यात आला. नुसता आला नाही, तोंडातून बाहेरही पडला.

“ते वाक्य जरा… फेरबदलांमुळे, असं म्हणता येईल का?”

ओकाबे-साननी भिंतीवरच्या जुन्या लेबलाकडे बोट दाखवलं.

उत्तर अश्विनीने दिलं. “नाही काकू. असंच ठेवा.”

“तुझी नोकरी जाईल, अश्विनी.”

“मागच्या महिन्यात आमची टीममधले लोक काढले. तो मेल मीच लिहिली. ‘एक्सायटिंग ट्रान्झिशन’ असं लिहिलं.” ती इंग्रजीवर न जाता मराठीतच अडखळत बोलत होती. “माझा मैत्रीण होती त्यात. तिने मला फोन केली, विचारलं, अश, मला काढलं का? तिला कळलाच नाही. मी तिला परत फोन नाही केला.”

मग तिने डोळे पुसले आणि एकदम ब्रँड मॅनेजरसारखी म्हणाली, “प्रिंटर कुठे आहे?”

ऑफिसातल्या प्रिंटरवर आम्ही साध्या कागदावर तो मजकूर छापला. निळा रंग संपला होता, म्हणून काळ्यात. जुनं लेबल मी सुरीने उचकटलं, कागद कार्डबोर्डवर चिकटवला आणि काचेशेजारी लावला. किंचित तिरका लागला. ओकाबे-सान उठले, त्यांनी तो वाचला, बोटाने सरळ केला आणि म्हणाले, “चला, लोक थांबलेत.”

उद्घाटन झालं. ओकाबे-सानचं भाषण दोन मिनिटांचं होतं आणि त्यात ‘प्रवास’ नव्हता. लॉर्ड मेयर डुलत्या हत्तीवर बसले, साखळीसकट.

दुसऱ्या दिवशी नागोया जागं झालं. आधी फोटो मागवला. मग आणखी जवळून काढलेला फोटो मागवला. मग दोन दिवस काहीच नाही. ग्रॅहमने तेवढ्यात मला जाता जाता सांगून ठेवलं की निर्णय ‘टीमचा’ होता, आणि टीम म्हणजे तो नव्हे, हे न बोलता समजावलं.

पण झालं वेगळंच. कुणीतरी त्या तिरक्या लेबलाचा फोटो काढून ऑनलाइन टाकला होता. तो फिरला. कंपनीने स्वतःचं अपयश इतक्या मोकळेपणाने मांडलं म्हणून लोक कौतुक करू लागले. नागोयाहून अभिनंदनाचा मेल आला. पाठोपाठ हुकूम आला की हेच लेबल नीट छापून घ्यावं, योग्य त्या निळ्या रंगात. ग्रॅहम एका परिषदेत ‘संस्थात्मक धैर्य’ या विषयावर बोलून आला. त्याच्या स्लाइड्स मीच बनवल्या.

ओकाबे-सान परतताना म्युझियमला आले नाहीत. ते स्लाऊला गेले होते. तिथल्या वेअरहाऊसच्या जागी आता जिम आहे, असं त्यांनी अश्विनीला कळवलं.

अश्विनीने नोकरकपातीच्या पुढच्या फेरीत स्वतःच राजीनामा दिला. आता ती एडिनबराच्या एका हॉस्पिटलमध्ये कम्युनिकेशन्स बघते. त्या मैत्रिणीला तिने फोन केला, हे तिने मला नंतर सांगितलं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माझी पोस्ट राहिली. नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना मी लेबल कसं लिहावं हे शिकवते. छोटी वाक्यं, सोपे शब्द, ठाम क्रियापदं. आणि एक गोष्ट ट्रेनिंगच्या कागदांत नाही, ती तोंडी सांगते. खरं काही लिहायचं असेल, तर मंजुरी देणारे झोपलेत याची आधी खात्री करून घ्या.