बापाकांची सिडनी शाखा

सबंध दक्षिण गोलार्धात स्वतःच्याच बायकोपुढे इतक्या निष्ठेने प्रचार करणारा दुसरा पुढारी सापडायचा नाही. सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरात आमच्या शेजारी राहणारं हे जोडपं इंडोनेशियाचं. तिकडे मोठ्या माणसाला ‘बापाक’ आणि बाईंना ‘इबू’ म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. बापाकांचा मायदेशी एक चिमुकला पक्ष आहे. लाच घ्यायची नाही, द्यायची नाही आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला परका म्हणायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बहुधा म्हणूनच तो कधी निवडून येत नाही.

या पक्षाची सिडनी शाखा म्हणजे बापाक. दर शनिवारी गॅरेजमधली गाडी बाहेर काढून सभा भरते. अध्यक्ष तेच, चिटणीस तेच, ठराव मांडणारेही तेच. विरोधी पक्ष तेवढा आतून, फोडणी देता देता बोलतो. तत्त्वाला माणूस इतका पक्का, की दिवाळीत मी चकल्या घेऊन गेलो तर दारातच अडवून म्हणाले, “मेट, तुझं माझ्याकडे काही काम आहे का? असेल तर डबा परत ने.” काम नव्हतं. मग मात्र त्यांनी तो उभ्याउभ्या रिकामा केला. या माणसाला आयुष्यात एकच हाव होती, ती म्हणजे इबूंच्या मताची. आणि इबू दर निवडणुकीला म्हणायच्या, “हरणाऱ्याला मत देऊन काय करू?” पक्ष तिकडे देशात हरायचा तो नंतर, आधी घरात हरायचा.

त्यांच्याकडे मत खिळ्याने भोक पाडून देतात. मतपत्रिका चांगली चादरीएवढी, घड्या घातलेली. ती पुरती उघडली नाही तर खिळा घडीतून आरपार जातो आणि दुसऱ्याच पक्षावरही भोक पडतं. मोजताना प्रत्येक कागद उजेडात धरून सगळ्यांना दाखवतात. गेल्या निवडणुकीत सिडनीतल्या त्यांच्या वकिलातीत इथल्या मतदारांची मतं मोजली, तेव्हा बापाक पक्षाचे प्रतिनिधी म्हणून मोजणीला बसले आणि मी बघ्या म्हणून बरोबर गेलो. त्यांचं स्वतःचं मत येऊन गेलं. मग बराच वेळ शुकशुकाट. अखेर आणखी एक कागद वर धरला गेला, भोक बरोब्बर त्यांच्या चिन्हावर! मी टाळी वाजवणार, तेवढ्यात बापाक उठले. “थांबा. कोपऱ्यात दुसरं भोक आहे, दुसऱ्या पक्षावर. हे मत बाद.”

गाडीत मी चिडलोच. “अहो बापाक, कुणाचं लक्षही नव्हतं! नो वरीज म्हणून गप्प बसायचं की!”

“मग आमचा पक्ष हवा कशाला?” ते म्हणाले.

त्यांच्या घरी आम्ही तिघं जेवताना त्यांनी ही हकीकत अगदी अभिमानाने सांगितली. इबूंच्या हातातला डाव थांबला.

“कुठल्या कोपऱ्यात?”

“वरच्या, डाव्या.”

“तो कागद माझा होता,” इबू म्हणाल्या. “मागे रांग मोठी होती, सगळ्या घड्या उघडल्याच नाहीत मी.”

बापाकांनी हातातला घास ताटात ठेवला. डोळे भरून आले होते, आणि चेहरा मात्र निवडून आल्यासारखा फुललेला. मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला.

“माझा आहे हे ठाऊक असतं, तर?” इबूंनी विचारलं.

बापाकांनी ताटातला उरलेला भात एका कडेला गोळा केला. “तरी बादच केलं असतं,” ते हळूच म्हणाले.

इबूंनी त्यांना आणखी भात वाढला. “बरं. पुढच्या वेळी नीट उघडीन.”

पुढच्या वेळेपर्यंत पक्ष टिकेल का, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.