डावा गाल

फोटोग्राफरला ‘तुमची प्रेरणा काय?’ असं विचारलं की तो हमखास वर आढ्याकडे बघतो. मग कुणी पहाटेचं धुकं म्हणतो, कुणी म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या, कुणी गरिबाच्या पोरांचे डोळे. त्या पोरांना कुणी विचारलंय का, की बाबांनो, तुमचे डोळे आम्ही वापरले तर चालेल का? एका मासिकाने असल्या उत्तरांची जाडजूड पुरवणी काढली, आणि ती वाचता वाचता फोकसला शिसारी आली. सगळ्यात जास्त आली ती शेवटच्या पानावर, कारण तिथे तो स्वतःच होता. हनुवटीखाली मूठ, नजर वर आढ्याला, आणि खाली ठळक अक्षरांत उत्तर: ‘उजेड हीच माझी प्रेरणा.’

‘फोकस’ हे दोस्तांनी ठेवलेलं नाव. आईने ठेवलेलं आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

उत्तर तसं खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. त्याला उजेड शिकवला तो त्याच्या मोठ्या बहिणीने, आणि आपण काही शिकवतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

ताई लहान असताना अंगावर उकळतं पाणी सांडून तिचा डावा गाल भाजला होता. कातडी आक्रसली, खळगे पडले, रंग काळपट झाला तो झालाच. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरली की ती आधी खिडकी शोधायची. खिडकी उजव्या हाताला येईल अशी जागा पकडायची, म्हणजे चांगला गाल उजेडात आणि भाजलेला सावलीत. तशी जागा नाहीच मिळाली तर धाकट्या भावाला डावीकडे बसवायची, आडोसा म्हणून. बाकीची पोरं पाढे पाठ करत होती तेव्हा या पोराला, दुपारी मामाच्या घरात कुठली खुर्ची ताईची आणि संध्याकाळी कुठली, हे तोंडपाठ होतं. समोरून आलेला मऊ उजेड खळगे बुजवतो आणि कडेने आलेला कडक उजेड एकेक खळगा चव्हाट्यावर मांडतो, हे त्याला कॅमेऱ्याला हात लावायच्या आधीच कळलं होतं.

आणि या विद्येचं त्याने काय केलं? तर डाग घालवायची क्रीम विकली.

टायरच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ होता. जिन्यात रबराचा वास, वर क्रीमचा, गुलाबात फिनेल ओतल्यासारखा. क्रीमवाला खुर्चीत बसून नखं कुरतडायचा आणि तुकडे तिथेच फरशीवर थुंकायचा. जाहिरातीत दोन फोटो लागत, ‘आधी’ आणि ‘नंतर’. दोन्ही एकाच दिवशी निघत, आणि ‘नंतर’चा आधी निघे. सकाळी पोरगी ताजीतवानी यायची. तिच्यासमोर पांढरं कापड लावून मऊ उजेड पाडायचा, हनुवटीखाली थर्माकोलचा तुकडा धरायचा, म्हणजे गाल कसा लोण्यासारखा दिसतो. मग तिला दुपारपर्यंत उपाशी ताटकळत ठेवायचं, खरखरीत फडक्याने गाल लाल होईस्तोवर पुसायचा, आणि एक उघडा दिवा अगदी कडेला आणायचा. झाला ‘आधी’चा फोटो तयार. क्रीमचं बोटसुद्धा लागलेलं नसायचं.

“कलाकार आहेस लेका!” क्रीमवाला म्हणायचा आणि त्याच थुंकीच्या बोटांनी पाठ थोपटायचा. फोकस घरी जाऊन शर्ट भिजत घालायचा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर असायचा. किळस येणं वेगळं आणि काम सोडणं वेगळं, हे त्याला चांगलं जमलं होतं.

बसथांब्यावर भलंमोठं पोस्टर लागलं तेव्हा ते ताईला त्यानेच नेऊन दाखवलं होतं. बढाई मारायची खाज, दुसरं काय. ताई बराच वेळ त्या दोन गालांकडे बघत उभी होती. तो मात्र छपाई कशी झालीय तेच बघत होता.

पुरवणी आली त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. “वाचलं हो सगळं. केवढा मोठा झालास रे! रविवारी ये, आणि कॅमेरा घेऊन ये. का ते विचारू नकोस.”

रविवारी सकाळी दार उघडलं ते भावोजींनी. ते हळूच हसून म्हणाले, “जा आत. तुझ्या ताईने सगळे पडदे काढून धुवायला टाकलेत. घर आहे की काचेची बरणी, कळत नाही.”

आत खिडकीपाशी ताई बसली होती. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. फोकस दारातच थबकला. उभ्या जन्मात त्याने तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

“काय बघतोस भुतासारखा? ये ना,” ती म्हणाली. “तीन डब्या झाल्या. तुला सांगितलं नाही मुद्दामच. म्हटलं, एकदम दाखवू. आता माझा ‘नंतर’चा फोटो काढ.”

खिडकीतून कडेने कडक ऊन येत होतं. गाल लालभडक झाला होता. जुन्या खळग्यांच्या कडांची सालं निघाली होती, मध्ये ओलं चकाकत होतं, आणि वरून तो वास, गुलाब आणि फिनेल. फोकसला शिसारी आली, ती गालाची नव्हे, स्वतःची.

“आग होत नाही?” त्याने विचारलं.

“होते की. रात्री झोप नाही येत. पण डबीवर लिहिलंय ना, साल निघाली की आतून नवी कातडी येते.” मग ती लाजल्यासारखी हसली. “जाहिरातींवर माझा कधीच विश्वास नव्हता, तुला माहितीये. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर फिरकलेही नसते. पण म्हटलं, आपल्या घरातलं पोर आहे. ते कशाला खोटं दाखवेल?”

एक सोपी वाट होती, आणि ती फोकसला लगेच दिसली: टेबलावरचं पांढरं कापड खिडकीवर टाकायचं, तिथेच पडलेली ती पुरवणी हनुवटीखाली धरायची. ताईला हवा तो गाल मिळाला असता. असं काही आपल्याला सुचलं याचाच त्याला वीट आला. कॅमेरा खाली ठेवून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“ताई, ती क्रीम आजच्या आज फेकून दे. उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी येतो.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. सकाळ आणि दुपार, पांढरं कापड, खरखरीत फडकं, उघडा दिवा. कुठे काही लपवलं नाही.

ती ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे त्या मुलीला डाग नव्हताच?”

“नव्हता.”

“आणि हे उजेडाचं... हे तुला शिकवलं कुणी?”

त्याची नजर तिच्या डाव्या गालावरून खिडकीकडे गेली. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि तिला कळलं. तिचा हात आपसूक गालाकडे गेला आणि आग झाली म्हणून मागे आला.

ती उठली. खुर्ची उचलून तिने पलीकडे ठेवली, खिडकी उजव्या हाताला येईल अशी, आणि बसली. डावा गाल सावलीत गेला.

“आता काढ,” ती म्हणाली.

“ताई...”

“पडदे धुवून वाळतील तेव्हा वाळतील. आलायस तर काढ.”

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. उजेड फार सुरेख पडला होता. तेवढ्यातही ते त्याला दिसलं, आणि त्याने पटकन डोळे मिटून बटण दाबलं.