वेलांटी एक घर पुढं

परंड्याच्या शिवणवर्गात आम्ही अकरा बायका होतो. वर्गाच्या बाईंनी सगळ्यांच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिलं होतं, त्यात कटिंगचे धडे. दर शनिवारी एकीनं धडा मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी तसं कापायचं. जिला वाचता येत नाही, तिला बाई काज-बटणाला बसवत. काज-बटण मला लग्नाआधीपासून येतं. मला ब्लाऊज कापायला शिकायचं होतं.

माझी वाचायची पाळी आली त्या आठवड्यात मी धडा उघडला आणि काही कळेना. शिवण हा शब्द ‘शविण’ असा दिसत होता. मिनिटच्या जागी ‘मनिटि’. सगळ्या पहिल्या वेलांट्या एक घर पुढं सरकलेल्या, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. मोबाईल बिघडला असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. वाटलं, मीच विसरले. शाळा चौथीपर्यंतच, त्यात या वेलांटीचा घोळ मला लहानपणापासून. बोलताना ती अक्षरानंतर येते, मग लिहिताना आधी का काढायची? मी नंतर काढायची आणि गुरुजींची छडी खायची. आता मोबाईलही तसंच लिहीत होता. चूक गुरुजींचीच होती की काय, असंही एकदा वाटलं.

माझी जाऊही याच वर्गात; तिचा मोबाईल वेगळ्या जातीचा, महागातला. त्यात तोच धडा उघडला तर अक्षरं सरळ, पण प्रत्येक ओळीचा शेवट पडद्याच्या बाहेर.

“बघा आक्का, तुमच्यात मागंपुढं, माझ्यात अर्धंच,” जाऊ म्हणाली. “दोन्ही मिळून एक ब्लाऊज व्हईल. एका बाहीचं!”

मी हसले, पण खरं कुठलं ते कळेना. बाईंना विचारायचा धीर झाला नाही. विचारलं तर त्या म्हणणार, हिला वाचता येत नाही. कदाचित पुस्तकी भाषेत असंच म्हणत असतील, असं धरून मी भाजी निवडताना, भांडी घासताना ‘शविण’ आणि ‘मनिटि’ पाठ केलं.

शनिवारी उभी राहिले आणि वाचलं, “शविण घालायच्या आधी दहा मनिटि कापड भजिवा.”

“भजी? वा! कुणी आणली?” कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या.

बाईंनी माझा मोबाईल घेऊन पाहिला. “तुमची चूक नाही हो. ज्यानं हे ॲप केलं, त्यानं आपल्याच काँप्युटरवर बघितलं असेल. दुसऱ्याच्या मोबाईलवर कसं दिसतंय ते कोण बघतंय? या, इथं वाचा.”

त्यांच्या काँप्युटरवर सगळं नीट होतं. शिवण. मिनिट. भिजवा. मी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, “शविण.”

बाईंनी वाकून पडदा बघितला. “आता काँप्युटरपण बिघडला व्हय?”

डोळ्यांना एक दिसत होतं, तोंडातून दुसरंच येत होतं. आपल्याला वाचता येतं की नाही, हे माझं मलाच सांगता येईना. मी काज-बटणाच्या बायकांकडं वळले.

“तिकडं कुठं निघालात?” बाईंनी कात्री माझ्यापुढं धरली. “आज मी वाचते. तुम्ही कापा.”

मी पाठीचा भाग कापला. खडूच्या रेघेच्या जरा बाहेर गेले. बाईंनी तिथं बोट ठेवून दाखवलं आणि पुढची ओळ वाचली.