उसवलेली टोपी

गल्लीत कुणाचाही पाळणा हलला की टोपीकाकू सुया घेऊन बसायच्या. बाळ घरी येईपर्यंत टोपी तयार, आणि तीही पिवळीच. लिंबाच्या सालीसारखी पिवळी, दुसरा रंग औषधालाही नाही. "आमच्या हिने अख्ख्या गल्लीला टोपी घातलीय," असं काका येईल त्याला सांगत आणि स्वतःच हसत. काकांच्या घोरण्यासारखी काकूंना त्या विनोदाचीही सवय झाली होती.

आता त्यांच्या लेकीलाच दिवस गेले होते, तेही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. आणि नेमके तेव्हाच लोकरवाल्याने हात वर केले.

"काकू, कंपनीने तो रंगच बंद केला. हा घ्या ना, पिवळाच आहे."

"हा पिवळा? अहो, ह्याला कावीळ झालीय!"

काकूंनी गावातली सगळी दुकानं पालथी घातली, घरातली ट्रंक उपसली. मूठभरसुद्धा लोकर निघाली नाही.

"अगं, बाळाला काय कळतंय रंगाचं?" काका म्हणाले. "हिरवी विण."

"बाळाला नाही कळत. त्याच्या आईला कळतं," म्हणत काकू तडक आत गेल्या.

लेक लहान असताना आपली तान्हेपणीची टोपी बाहुलीला घालायची. एका संध्याकाळी शेजारणीचं बाळ वेळेआधीच जन्माला आलं. टोपी अर्धी झाली आणि लोकर संपली, दुकानही बंद. काकूंनी बाहुलीच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली, उसवली आणि शेजारणीच्या बाळाची टोपी पुरी केली. पोर रडली नाही की भांडली नाही. तिने बाहुलीच्या डोक्याला हातरुमाल बांधला, तो कित्येक महिने तसाच होता. मोठेपणी ती हसत हसत म्हणायची, "आई काय, गल्लीची आहे. उरली तर आमची." हसत म्हटलं तरी काकूंना लागायचं ते लागायचंच.

ते शेजारणीचं बाळ आता मिशा राखून टेम्पो चालवत होतं. काकू त्याच्याकडे गेल्या. टेम्पोच्या गिअरच्या दांड्यावर ती टोपी चढवलेली होती, तेलाने पार काळवंडलेली.

"ती टोपी दे रे. उसवून माझ्या नातवंडाला विणते."

तो टेम्पोच्या दारात आडवाच उभा राहिला. "काकू, हवा तर टेम्पो न्या. टोपी उसवायची नाही! आई गेली माझी. तिने माझ्या डोक्यावर चढवलेली एवढीच वस्तू राहिलीय."

काकू तिथेच पायरीवर बसल्या. मग त्यांनी बाहुलीची सगळी गोष्ट त्याला सांगून टाकली. त्याने टोपी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "बाळाला घाला. लहान झाली की परत द्या. पण उसवू नका."

काकूंनी टोपी चांगली भिजवून, चोळून धुतली. मळ गेला तेव्हा वरच्या अर्ध्या ओळी जराशा फिकट निघाल्या. लेकीची लोकर तिथूनच सुरू होत होती.

लेक तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आली. काकूंनी टोपी पुढे केली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"जुनी आहे ही. कुणाची गं?"

"टेम्पोवाल्याची. परत करायचीय." काकूंनी फिकट ओळींवर बोट ठेवलं. "इथून वर मात्र तुझी. बाहुलीची. तेव्हा तुला विचारायला हवं होतं गं मी."

लेकीने टोपी बाळाच्या डोक्यावर चढवली, कानांवर नीट ओढली आणि बाळ काकूंच्या मांडीवर ठेवलं.

"ही टोपी परत द्यायच्या आधी हिला एक विण," ती म्हणाली. "हिची स्वतःची. रंग कुठलाही चालेल. फक्त ती कुणासाठी उसवायची नाही."

"नाही गं बाई," काकू म्हणाल्या. "आता कुणासाठीच नाही."