नसलेल्या हाताचं दुखणं

मी नागपूरच्या ज्या धर्मादाय दवाखान्यात नोकरी केली, तिथले हाडांचे डॉक्टर, म्हणजे आमचे साहेब, मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर मी त्यांना माफ केलं असतं. हुशार माणूस, हातात सफाई होती, चार तुकडे झालेली मांडी असे जुळवून आणायचे की एक्स-रे पाहणारा चाट पडावा. पण पेशंटने तोंड उघडलं की त्यांना कंटाळा यायचा. हाडं बोलत नाहीत म्हणूनच त्यांनी हा विषय घेतला असावा, असं मला पहिल्याच वर्षी वाटलं होतं आणि पुढे ते मत बदलायची वेळ आली नाही.

मी त्यांच्या हाताखाली फिजिओथेरपीच्या खोलीत होते. खोलीत शेकायचा लाल दिवा, मेण वितळवायचं भांडं, भिंतीत बसवलेलं खांद्याचं चाक आणि एक जुनी लाकडी पेटी. ही पेटी प्लगला जोडून लुळ्या पडलेल्या हातापायांना विजेचे झटके द्यायची. उन्हाळ्यात रोज वीज जायची. मग पेटी बंद, दिवा बंद, आणि मी पेशंटला वर्तमानपत्राने वारा घालत बसायची.

ऐंशी साल उलटल्यावरची गोष्ट. आमच्या विश्वस्तांपैकी एक शेठ, संत्र्यांचे मोठे व्यापारी, मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले आणि येताना दवाखान्याला भेट म्हणून एक यंत्र घेऊन आले. छोट्या ट्रान्झिस्टरएवढं, कमरेला अडकवायची क्लिप असलेलं. आत पेन्सिल सेल, वर दोन चकत्या, आणि दोन हातभर वायरींच्या टोकाला काळ्या रबराच्या पट्ट्या. पट्ट्या दुखऱ्या जागी चिकटवायच्या, चकती फिरवायची, की कातडीखाली मुंग्या चालतात आणि दुखणं मागे सरतं. शेठ त्याला ‘वायरलेस’ म्हणत होते. भिंतीत प्लग घालावा लागत नाही ना, म्हणून. दोन वायरी डोळ्यांसमोर लोंबत असताना शेठ भाषणात चार वेळा ‘ये वायरलेस है’ म्हणाले आणि साहेबांनी चारही वेळा मान हलवली.

समारंभ झाला. नारळ फुटला. यंत्राला हळदकुंकू लावलं, ते चकत्यांच्या फटीत गेलं, नंतर मी काडीने कोरून काढलं. प्रयोग करून दाखवायला पेशंट हवा होता. वॉर्डात दुखणं घेऊन पडलेली तीस माणसं होती, पण पट्ट्या लागल्या शेठच्याच कमरेला. त्यांची कंबर दुखत नव्हती. ते म्हणाले, ‘गुदगुल्या होऊन राहिल्या,’ आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी यंत्र माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेलं. साहेबांनी स्वतः कुलूप लावलं. मी विचारलं, ‘सर, पेशंटला लावायचं कधी?’

‘महागाची वस्तू आहे. या लोकांच्या घामाने रबर खराब होईल.’

या लोकांच्या. मीही त्याच लोकांतली. वडील गिरणीत होते, आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, आणि घाम काय असतो ते मला साहेबांनी शिकवायची गरज नव्हती. तरी मी मान हलवली. मान हलवायची सवय त्या खोलीत मलाही लागली होती.

कपाटाची दुसरी किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. साहेबांना ते माहीत नव्हतं, कारण ते खण उघडून पाहण्याइतके खाली कधी वाकलेच नाहीत. यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती. दुपारी पेशंट नसले की मी शब्दकोश घेऊन ती वाचत असे. त्यात एक पान हात किंवा पाय कापलेल्या माणसांबद्दल होतं. अवयव गेला तरी त्यात दुखत राहतं, आणि उरलेल्या भागावर पट्ट्या लावल्या तर काहींना आराम पडतो, असं लिहिलं होतं.

त्या पावसाळ्यानंतर काटोलकडच्या एका खेड्यातली बाई आली. पंचेचाळिशीची, घरची शेती, संत्र्याची थोडी झाडं. बैलांसाठी कडबा कापताना कुट्टी मशीनमध्ये तिचा उजवा हात गेला होता, कोपराच्या चार बोटं खाली. जखम कधीच भरली होती. तरी दुखणं थांबलं नव्हतं. साहेबांनी टोक दाबून पाहिलं.

‘इथे दुखतं?’

‘इथं नाई, साहेब. हातात दुखते. तळहातात.’

‘कुठल्या हातात?’

‘हाच. जो नाई राहिला, तो.’

साहेब शिकाऊ डॉक्टरांकडे वळून म्हणाले, ‘म्हणजे हात काटोलला राहिला आणि दुखणं बसने नागपूरला आलं!’ सगळे हसले. ती बाईही हसली. मोठ्या माणसाने विनोद केला की हसायचं, एवढी रीत तिला ठाऊक होती. मला मात्र त्या क्षणी साहेबांच्या इस्त्रीच्या कोटाची, खिशातल्या दोन पेनांची, सगळ्याची किळस आली. त्यांनी कागदावर ‘व्यायाम’ एवढंच लिहिलं आणि तिला माझ्याकडे पाठवलं.

माझ्या खोलीत ती बाकावर बसली. मी म्हटलं, ‘मावशी, नीट सांगा, काय होतं?’

तिने आधी माझ्याकडे पाहून घेतलं. ‘तुम्ही कोण्या लोकाइच्या, बाई?’

मी सांगितलं. तिने हात, म्हणजे उरलेला तो तुकडा, जरासा आपल्याकडे ओढला.  मला हे नवीन नव्हतं, आणि दया दाखवायची माझीही तयारी नव्हती.  मग दुखण्याची कळ आली असावी. तिने डोळे मिटले आणि हात परत माझ्यापुढे केला.

‘मूठ वळून राहिली हाय,’ ती म्हणाली. ‘हात गेला ना, तवा मूठ वळली होती. तशीच हाय. नखं आत रुतून राहिली. मी म्हणतो, खोल, खोल, पण खुलतच नाई. घरी सांगतलं तं सासू म्हणते, बाहेरचं असंन. मालक म्हणते, काम टाळाले ढोंग करून राहिली. आता साहेबही हसले. मले सांगा, बाई, मी पागल झाली काय?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘हे पुस्तकात लिहिलेलं आहे.’

त्या एका वाक्यावर ती रडली.

मी उठले, खणातून किल्ली काढली, कपाट उघडलं. सेल नव्हते, समारंभाचे सेल कुणीतरी टॉर्चसाठी काढून नेले होते. आयाबाईला दाराशी बसवून मी समोरच्या टपरीवरून सेल घेऊन आले. चिकट मलमाची ट्यूब सुकून गेली होती, म्हणून फडक्याच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात भिजवून रबराखाली ठेवल्या. मला धास्ती वाटत होती. चोरी करत होते म्हणून नाही, काहीच झालं नाही तर या बाईला काय सांगू, म्हणून.

चकती हळूहळू फिरवली. ‘मुंग्या येऊन राहिल्या,’ ती म्हणाली. ‘कुठपर्यंत?’ ‘टोकापर्यंत... आता खाली उतरल्या... मनगटात.’ मनगट नव्हतंच तिला. मी आणखी जरा फिरवली. पंधरा-वीस मिनिटं गेली. बाहेर सायकल स्टँडवाला कुणाशी तरी भांडत होता. मग ती एकदम म्हणाली, ‘अंगठा सुटला.’ आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, ‘बोटं सुटली वं पोरी. सगळी सुटली.’

तो आराम दोन-तीन तास टिकला, मग मूठ परत वळली. पण पुढच्या मंगळवारी ती बसने परत आली, आणि त्याच्या पुढच्याही. मी सेल घरून निघताना जरीपटक्याच्या बाजारातून घेऊन जात असे आणि काम झालं की काढून पर्समध्ये ठेवत असे, म्हणजे कपाटात यंत्र होतं तसं रिकामं दिसावं. सातव्या-आठव्या खेपेनंतर तिला अर्धा दिवस बरं वाटू लागलं. रात्रीची झोप लागते, म्हणाली.

आणि मग तिने घोळ केला. घरच्या संत्र्यांची टोपली घेऊन ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली. ‘साहेब, तुमच्या त्या लहान्या मशीननं माही मूठ खोलली,’ म्हणाली. बिचारीला वाटलं, साहेबांनीच यंत्र लावायला सांगितलंय.

साहेबांनी संत्री ठेवून घेतली आणि मला मेमो दिला. परवानगीशिवाय दवाखान्याची मालमत्ता वापरल्याबद्दल खुलासा करावा. मी खोलीत बसून खुलासा लिहिला. पहिल्या कागदावर खरं लिहिलं. तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की चूक झाली, पुन्हा होणार नाही. सही केली. साहेबांचा तिरस्कार मी आयुष्यभर केला, पण त्या सहीचा जरा जास्तच केला.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं आणि गोड आवाजात विचारलं, ‘ती काटोलची बाई मंगळवारीच येते ना? तिला थांबवून ठेवा. शेठ येतायत. पेपरवालेही येतील.’ नसलेल्या हातावर आपण उपचार केला, अशी बातमी ते देणार होते. विनोद करणारे साहेब आणि हे साहेब एकच, आणि चेहऱ्यावर लाज म्हणून कुठे नाही.

मंगळवारी खोली भरली. मला भिंतीकडे सरकवलं. फोटोवाल्याला आपण नीट दिसावं म्हणून साहेबांनी स्वतः पट्ट्या लावल्या, त्याही कोरड्या आणि भलत्याच जागी. चकती फिरवली. यंत्रात सेल नव्हते. सेल माझ्या पर्समध्ये होते, पर्स माझ्या खांद्याला होती, आणि मी तोंड बंद ठेवलं.

‘आता कसं वाटतंय?’ साहेबांनी विचारलं.

‘काही नाई वाटून राहिलं,’ बाई म्हणाली.

साहेबांनी आणखी फिरवली. ‘आता?’

‘नाई, साहेब.’

‘असर व्हायला वेळ लागतो,’ साहेब पेपरवाल्याला म्हणाले. चकती शेवटपर्यंत फिरली होती. साहेब तरी ती फिरवतच होते, आणि कपाळावर घाम आला होता. शेठने विचारलं, ‘चालू तो है ना?’ मला इतका आनंद झाला की भीती वाटली. हे आणखी तासभर असंच चाललं असतं तरी मी हलले नसते. पण ती बाई माझ्याकडे पाहत होती. तिचा चेहरा पडला होता. यंत्राचा असर संपला, आता मूठ कधीच उघडणार नाही, असं तिला वाटत होतं. ते मला पाहवलं नाही. मी पुढे झाले, मागचं झाकण उघडलं, सगळ्यांसमोर सेल घातले, फडकी भिजवून पट्ट्या जागेवर लावल्या. फोटो साहेबांचाच आला. त्यात माझं कोपर दिसतं.

बातमी छापून आली आणि आठवडाभरात शेठने यंत्र मागवून घेतलं. आता त्यांची कंबर खरोखर दुखू लागली होती म्हणे. साहेबांनी स्वतः कपाट उघडून त्यांच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं. पेशंटच्या घामाने खराब होणारं रबर शेठच्या घामाने होत नसावं. कुठे नोंद नाही, पावती नाही.

पुढच्या दोन मंगळवारी बाई आली आणि तशीच परत गेली. तिसऱ्या मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला रिक्षात घालून शेठच्या धरमपेठेतल्या बंगल्यावर गेले. वाटेत ती दोनदा म्हणाली, ‘काहून भांडण घेता, बाई, जाऊ द्या.’ मी रिक्षावाल्याला रस्ता सांगत राहिले. तिच्याशी बोलले असते तर धीर सुटला असता.

शेठ घरी नव्हते. शेठाणीने दार उघडलं. यंत्र बैठकीतल्या काचेच्या कपाटात होतं, एका परदेशी बाहुलीला टेकवून उभं केलेलं. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, दवाखान्याची मालमत्ता वगैरे. त्यातलं एकही वाक्य लागलं नाही. शेठाणीने बाईचा पदर बाजूला करून हाताचं टोक पाहिलं, ‘हाय राम’ म्हणाली, आणि कपाट उघडून यंत्र तिच्याच डाव्या हातात दिलं.

‘ले जाओ. इन्होंने दोनदा लावलं, गुदगुल्या होतात म्हणून टाकून दिलं. कोणी विचारलं तर मी बघते.’

कोणी विचारलंच नाही. साहेबांना वाटत राहिलं यंत्र शेठकडे आहे, शेठला वाटत राहिलं शेठाणीने ते दवाखान्यात परत पाठवलं.

बसस्टँडवर बसून मी बाईला डाव्या हाताने पट्ट्या कशा बांधायच्या, सेल कसे बदलायचे, चकती कुठपर्यंत न्यायची, हे तीन-तीनदा करून दाखवलं. तिने ते चौथ्यांदा माझ्यासमोर स्वतः केलं आणि मगच बसमध्ये चढली.

वर्षभराने ती भेटायला आली, तेव्हा रबर चिरलं होतं आणि तिने सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ते वरून आवळून ठेवलं होतं. सासू आता त्या यंत्राला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, म्हणाली. गुडघे दुखतात म्हणून तीही संध्याकाळी लावून बसते. मालक अजूनही ढोंग म्हणतो. ‘म्हणू द्या,’ ती म्हणाली. मूठ महिन्यातून एखाद्या वेळी वळते, तेव्हा ती मुंग्यांनी खोलते. मग तिने विचारलं की दवाखान्यात चहा मिळतो का, आणि आम्ही दोघी टपरीवर गेलो.