कांतो लीगमधली कोल्हापुरी हाक

टोकियोजवळच्या ग्योतोकुच्या बालवाडीची बस चालवणारी नयना मूळची कोल्हापूरची. नवरा मोरेश्वर सॉफ्टवेअरमधला. त्याच्या नोकरीपायी ती जपानला आली. मुलगी ओवी शाळेत रमली तशी नयनाला घर खायला उठलं. माहेरी स्कूटरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं हाकलेली बाई ती. जपानी भाषेच्या परीक्षेपेक्षा मोठ्या गाडीचं लायसन्स तिला सोपं वाटलं, आणि ते काढून ती बालवाडीत लागली.

बालवाडी ज्या संस्थेची, तिचंच इचिकावात एक लहानसं विद्यापीठ होतं. तिथल्या फुटबॉल टीमचं नाव आजवर चिबा जिल्ह्याच्या बाहेर कुणी ऐकलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मात्र पोरांनी कमाल केली आणि थेट कांतो विभागाच्या लीगमध्ये जागा मिळवली. आता सामने लांब लांब, पार डोंगरापलीकडे. शनिवार-रविवारी बालवाडीची बस रिकामीच असायची. कोच कुरोदा-सान नयनाला भेटायला आले आणि कमरेत वाकून म्हणाले, "नयना-सान, आमच्या पोरांना पोचवाल का?"

"फुटबॉलला?" नयनाने विचारलं. "कुठंही पोचवते."

कुरोदा-सानांना काय ठाऊक, ही बाई कुठल्या गावची! नयनाच्या गल्लीत पोरगं चालायला लागलं की आधी बॉलला लाथ मारायचं. तालमीतालमींच्या फुटबॉल टीमचे सामने असले की घरात जेवणं खोळंबायची आणि हरलेल्या पेठेत दोन दिवस सुतक असायचं.

पहिला सामना माएबाशीला झाला. टीम चार गोलांनी हरली. दुसरा हरली, तिसराही हरली. परतताना बसमध्ये सगळ्यांच्या माना खाली. वर चढलेली टीम एका वर्षात खाली येणार, असं सगळेच धरून चालले होते. नयना आरशातून त्या पडलेल्या माना बघायची आणि तिचा जीव तुटायचा. पण आपण ड्रायव्हर, आपण काय बोलणार?

चौथ्या सामन्यात मात्र तिला राहवलं नाही. ताकुमी नावाचा फॉरवर्ड बॉल घेऊन एकटाच तिघांच्या अंगावर निघाला होता. मोकळा उभा असलेला जोडीदार हात हलवून थकला. कुंपणापाशी उभी असलेली नयना एकदम कडाडली, "अरं सोड की बॉल! एकटाच कुठं निघालायस?"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. ताकुमी इतका दचकला की बॉल त्याच्याकडून जोडीदाराकडे गेलाच, आणि गोल झाला! मोसमातला त्यांचा पहिला विजय.

सामना संपल्यावर कुरोदा-सान बसपाशी आले. नयनाने आधीच माफी मागून टाकली.

"माफी राहू द्या. तुम्ही म्हणालात काय, तेवढं सांगा."

नयनाने अडखळत अर्थ सांगितला. कोच पोट धरून हसले. "दोन वर्षं मी त्याला हेच सांगतोय!"

त्या दिवसापासून पोरं तिच्या मागेच लागली. 'सोड' म्हणजे पास दे. 'मागं' म्हणजे पाठीमागे माणूस आहे. आणि 'हाण' म्हणजे मार गोलावर. कॅप्टन हायातोच्या ध्यानात आलं, की या हाका समोरच्या टीमला कळतच नाहीत. मग सरावातसुद्धा तेच शब्द घुमायला लागले. 'मागं'चं त्यांच्या तोंडी 'मागान' व्हायचं, पण काम भागायचं. पावसाळा सरेपर्यंत टीम तळातून मधे आली.

ओवीला हे मुळीच पसंत नव्हतं. ती कॉलेजच्या उंबरठ्यावरची पोरगी. "आई, हाझुकाशी!" म्हणजे, लाज आणतेस तू मला. तरी एका रविवारी मोरेश्वरने तिला ओढून सामन्याला आणलंच.

नेमका त्याच दिवशी घोटाळा झाला. सगळी टीम "हाण! हाण!" ओरडत होती, आणि समोरच्या कोचने तक्रार केली, की ही पोरं परक्या भाषेत शिव्या देताहेत. रेफरीने खेळ थांबवला. कुरोदा-सानांनी नयनाला बोलावलं. रेफरीचा करडा चेहरा बघून तिची होती नव्हती ती जपानी पळाली. "शिवी नाही... मारा... म्हणजे बॉल..."

रेफरीच्या भुवया आणखी चढल्या. तेवढ्यात ओवी कुंपणापाशी धावत आली. झोकात वाकली आणि स्वच्छ जपानीत म्हणाली, "ही आमची भाषा आहे, मराठी. आईच्या गावात फुटबॉलच्या मैदानावर असंच ओरडतात. त्याचा अर्थ 'शूट' एवढाच. मी लहानपणापासून ऐकतेय, यात शिवी नाही."

रेफरीने मान डोलावली आणि शिट्टी वाजवली. नयना लेकीकडे बघत राहिली. ओवीचे कान लाल झाले होते. "अशी काय बघतेस?" ती मराठीत पुटपुटली. "तिकडे बघ ना, कॉर्नर मिळालाय."

त्यानंतर ओवी एकाही सामन्याला चुकली नाही.

नोव्हेंबरमधल्या शेवटच्या सामन्यात पहिल्या नंबरच्या टीमशी बरोबरी झाली आणि पोरं तिसरी आली. नव्या लीगमध्ये, पहिल्याच वर्षी तिसरी! पोरांनी कुरोदा-सानांना उचलून हवेत उडवलं आणि मग सगळी बसकडे वळली. नयना "नको रे, नको!" म्हणेपर्यंत आभाळात होती. तिचा एक बूट कुठल्या कुठे गेला. मोरेश्वर हसून हसून खाली बसला होता, आणि ओवी फोनवर ते सगळं टिपत होती.

तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी कोल्हापूरला पोचला. तिच्या थोरल्या भावाचा, दिगंबरदादाचा लगेच फोन आला.

"नयने, काय ग हे? कप जिंकला व्हय?"

"न्हाई दादा. तिसरे आलो."

"तिसरे? मग एवढा दंगा कशापायी?"

नयना सोफ्यावर पाय पसरून बसली होती. अजून तिच्या केसांत मैदानातलं गवत होतं.

"आमच्यात तिसऱ्यालाबी उचलत्यात," ती म्हणाली आणि खळखळून हसली.